विद्यापीठाचे संशोधन भांडार: आधी कागद, मग फाइल, सर्व्हर त्यानंतर

संशोधन भांडार म्हणजे विद्यापीठाचे प्रबंध ऑनलाइन ठेवायची जागा. बहुतेक ठिकाणी त्याची सुरुवात उलट्या टोकाकडून होते. आधी सर्व्हर येतो, त्यावर डीस्पेस हे भांडाराचे सॉफ्टवेअर बसते, फीत कापली जाते, चाळीस-पन्नास प्रबंध चढतात. मग कोणीतरी शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांच्या’ असे टाइप करते आणि समोर काहीच येत नाही. त्या शब्दाचे सहा प्रबंध आत असतात, तरीही. दुरुस्तीला बसले की कळते, बिघाड सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. तो फाइलींत आहे, नावांच्या स्पेलिंगांत आहे, न घेतलेल्या सह्यांत आहे. हजार नोंदींनंतर हे निस्तरत बसण्यापेक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे सोपे पडते.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. सर्व्हर सातव्या टप्प्यावर येतो. उदाहरणे सोलापूर जिल्ह्यातली आहेत; विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि मोठ्या संलग्न महाविद्यालयांना ती जशीच्या तशी लागू पडतील.

## टप्पा १: काय घ्यायचे ते एका पानावर लिहा

पहिल्या वर्षी फक्त पीएचडीचे प्रबंध घ्या. एमफिलच्या प्रबंधिका, अध्यापकांचे लेख, प्रकल्प अहवाल हे सगळे नंतर. प्रश्नपत्रिका, कार्यक्रमांचे फोटो, कात्रणे आणि विकत घेतलेली ई-पुस्तके कधीच नाहीत. हे पान ग्रंथालय समितीपुढून विद्या परिषदेपर्यंत न्या आणि ठरावाचा क्रमांक घ्या. ठराव नसेल तर पुढच्या प्रत्येक वादात ग्रंथपाल एकटा पडतो.

‘शोधगंगेवर चढवतोच की, मग वेगळे कशाला?’ हा प्रश्न बैठकीत येणारच (शोधगंगा म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचे सामायिक ऑनलाइन भांडार). विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या साहित्यचौर्य प्रतिबंधक नियमावलीत संस्थेचे स्वतःचे भांडार सांगितले आहे, एवढे उत्तर पुरे. दोन्हीकडे एकाच फाइली आणि एकाच नोंदी जातील असे काम आखले तर मेहनत दुप्पट होत नाही.

सोलापुरात इथेच एक खास घोळ होतो. विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे कपाटातला १९९६ चा प्रबंध सोलापूरच्या अध्यापकाचा, सोलापूरच्या यंत्रमागावरचा आणि सोलापुरातच लिहिलेला असला, तरी पदवी शिवाजी विद्यापीठाची असते. तो ‘सोलापूर विद्यापीठाचा प्रबंध’ म्हणून चढवू नका. ‘जिल्ह्याविषयीचे संशोधन’ असा वेगळा संग्रह करा, पदवी देणाऱ्या संस्थेच्या रकान्यात शिवाजी विद्यापीठ लिहा आणि पूर्ण फाइल त्यांच्या संमतीशिवाय खुली करू नका.

दुसरा घोळ नावाचा. २०१९ मध्ये विद्यापीठाचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. २०१२ च्या प्रबंधावर ‘सोलापूर विद्यापीठ’ छापले असेल तर नोंदीतही तेच ठेवा. मुखपृष्ठावर एक आणि नोंदीत दुसरे असेल, तर संदर्भ देणाऱ्याने कोणते खरे मानायचे? आजचे नाव संग्रहाच्या शीर्षकात येऊ द्या.

रचना संकुल, त्याखाली विषय, त्याखाली साहित्यप्रकार अशी तीनच पायऱ्यांची ठेवा. वर्षाप्रमाणे किंवा मार्गदर्शकांच्या नावाप्रमाणे कप्पे करू नका. ती गाळणी शोधात आपोआप मिळते.

## टप्पा २: परवानग्या आणि परिशिष्टे

प्रबंधाचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे लेखकाचा असतो. विद्यापीठाने पदवी दिली म्हणून तो विद्यापीठाकडे येत नाही. नव्या प्रबंधांसाठी सोपा मार्ग म्हणजे सादरीकरणाच्या कागदपत्रांतच एक पानी परवाना जोडणे. भांडाराला प्रसारणाचा अनन्य नसलेला हक्क, हक्क लेखकाकडेच राहतील हे वाक्य, आणि खुले करण्याची तारीख: लगेच, सहा महिन्यांनी किंवा एका वर्षाने.

जुन्या लेखकांना पत्र पाठवा. दोन पत्रांनंतरही उत्तर आले नाही तर नोंद खुली ठेवा आणि फाइल फक्त ग्रंथालयातल्या संगणकावर दाखवा. सारांशाचे तेच: लेखकाचा जसाच्या तसा न घेता ग्रंथालयाने आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. ‘कोण कशाला तक्रार करणार’ या भरवशावर फाइल चढवणारे ग्रंथालय तक्रार आली की घाईघाईत अख्खा संग्रहच बंद करते. त्यापेक्षा तक्रारीचा ईमेल पत्ता आणि किती दिवसांत कारवाई होईल हे आधीच पानावर टाका.

अध्यापकांच्या लेखांचा नियम वेगळा आहे. मासिकाने छापलेली, मांडणी केलेली पीडीएफ बहुधा चढवता येत नाही. स्वीकृत हस्तलिखित बऱ्याचदा चालते. प्रत्येक मासिकाचे धोरण पाहूनच ठरवा.

सावधान: समाजशास्त्र, समाजकार्य आणि अर्थशास्त्राच्या प्रबंधांची परिशिष्टे पानन्‌पान उलटून पाहा. विडी कामगार महिलांच्या किंवा यंत्रमाग कामगारांच्या मुलाखतींना जोडून नाव, वस्ती, मोबाइल क्रमांक, कधी आधारची छायाप्रतसुद्धा बांधलेली असते. ती पाने खुल्या फाइलीतून काढा आणि मूळ फाइल बंद ठेवा. पीडीएफवर काळा चौकोन ओढणे म्हणजे माहिती काढणे नव्हे; चौकोनाखालचा मजकूर निवडून सहज कॉपी होतो.

विज्ञान शाखेत पेटंटचा विषय असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत फाइल खुली करू नका. एकदा प्रसिद्ध झाले की नावीन्याचा दावा अडचणीत येतो.

## टप्पा ३: प्रती गोळा करा, सीडी सगळ्यांत आधी

प्रबंधाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात सीडी असते. दहा-पंधरा वर्षे सोलापूरच्या उन्हाळ्यात, बेचाळीस अंशांच्या खोलीत काढलेल्या सीडींपैकी काही वाचल्याच जात नाहीत, आणि दर वर्षी आणखी काही जातात. स्कॅनर विकत घेण्याआधी हे काम उरका. जुना, बरा सीडी ड्राइव्ह असलेला एक संगणक, एक लिपिक आणि एक वही. प्रत्येक सीडीसमोर दाखल क्रमांक, आत काय सापडले आणि वाचली की नाही, एवढे लिहा.

सीडीवर जे सापडते तेच अंतिम असते असे नाही. मौखिक परीक्षेनंतर दुरुस्त्या झालेल्या असतात आणि सीडी आधीची असते.

तपासणी: सीडीवरची पृष्ठसंख्या बांधीव प्रतीशी जुळवा. अनुक्रमणिका, शेवटच्या प्रकरणाचे शेवटचे पान आणि संदर्भसूचीची शेवटची नोंद ताडून पाहा. तिन्ही जुळले तर सीडीची फाइल घ्या. एक जरी चुकले तरी बांधीव प्रत स्कॅनिंगच्या गठ्ठ्यात टाका.

फाइलींची नावे आताच बदला. रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ, एवढेच वापरा. मोकळी जागा नको, देवनागरी नको. ‘अंतिम नवीन दुरुस्त २’ अशा नावाच्या तीन फाइली एकाच सीडीत मिळतात. दाखल क्रमांकावर आधारलेले नाव सर्वांत टिकाऊ.

## टप्पा ४: स्कॅनिंग

साध्या छापील मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरते. बारीक टाइप, फिकट सायक्लोस्टाइल किंवा टंकलिखित मराठी असेल तर ४०० घ्या, कारण अनुस्वार आणि रफार तिथेच हरवतात. नकाशे आणि रेखाचित्रांना ६०० लागते. मजकूर करड्या छटांत, छायाचित्रे रंगीत. शुद्ध काळे-पांढरे टाळा. फाइल लहान होते, पण मात्रा तुटतात.

जागेचा हिशेब आधी करा. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयला करड्या छटांत सुमारे ८.७ एमबी होते. अडीचशे पानांच्या प्रबंधाच्या मूळ टिफ फाइली सुमारे २.२ जीबी, म्हणजे हजार प्रबंधांना २.२ टीबी. रंगीत केले तर तिप्पट. हा आकडा खरेदीच्या प्रस्तावात नसला की सहाव्या महिन्यात जागा संपते आणि मूळ फाइली खोडून फक्त पीडीएफ ठेवण्याचा मोह होतो. तो आवरा.

बांधीव प्रतीला वरून स्कॅन करणारा, व्ही आकाराच्या पाळण्याचा स्कॅनर वापरा. पान खेचणाऱ्या स्कॅनरसाठी बाइंडिंग कापावे लागते. दुसरी प्रत हाताशी असल्याशिवाय कात्रीला हात लावू नका.

तपासणी: प्रत्येक प्रबंधाची पाने मोजा आणि दर पंचविसावे पान उघडून पाहा. दोन पाने एकदम उलटली जाणे आणि घडी घातलेला नकाशा न उलगडणे, या दोन चुका सर्वाधिक.

## टप्पा ५: मराठी मजकूर खरोखर शोधता येतो का?

भांडारे खरोखर कोलमडतात ती या टप्प्यावर. म्हणून इथे घाई नको.

पीडीएफ उघडा, मधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

पहिली: ओळ जशीच्या तशी येईल. छान, पुढे चला.

दुसरी: रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी येईल. म्हणजे प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला आहे. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाला नाही. २०१५ च्या आसपासपर्यंतचे बरेच मराठी प्रबंध असेच असतात.

तिसरी, आणि सर्वांत फसवी: मजकूर मराठीच येईल, पण वेलांट्या उड्या मारलेल्या असतील. ‘विद्यापीठ’ चे ‘िवद्यापीठ’ होईल, जोडाक्षरांच्या जागी पोकळी दिसेल. युनिकोडमध्ये टाइप करूनही पीडीएफ करताना अक्षरांची जोडणी बिघडल्याचा हा परिणाम.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरच्या मागे लागू नका. ते सारांशाच्या एका पानाला ठीक. तीनशे पानांत रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताने सुधारत बसावे लागते. सरळ ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर नव्याने वाचून घ्या. त्यासाठीचे टेसरॅक्ट मोफत आहे आणि त्यात मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा सगळ्या भाषांच्या संचिका मिळतात. त्यावर बेतलेले ओसीआरमायपीडीएफ वापरले तर पानाचे चित्र तसेच राहते आणि मागे शोधता येणारा मजकूर बसतो. साठवणीसाठी पीडीएफ-ए हा प्रकार निवडा.

सावधान: फाइलीत आधीपासून मजकूर असेल तर ओसीआरमायपीडीएफ काम नाकारते. लोक मग ‘मजकूर असलेली पाने वगळा’ हा पर्याय देतात आणि खिचडी तशीच राहते. जुन्या फॉन्टच्या फाइलीला ‘फोर्स’ पर्याय द्या. तो पानांचे चित्र करून मजकूर नव्याने वाचतो. फाइल फुगते, ते सोसा.

भाषा नेमक्याच द्या. मराठी प्रबंधाला मराठी आणि इंग्रजी पुरे. अक्कलकोट सीमाभागावरच्या प्रबंधात कन्नड लोकगीते किंवा पद्मशाली समाजावरच्या प्रबंधात तेलुगू उतारे असतील, तर तेवढीच प्रकरणे त्या भाषेसह वेगळी चालवा. पाच भाषा एकदम दिल्या की वेग आणि अचूकता दोन्ही जातात.

आता ‘शेतकऱ्यांच्या’ कडे परत येऊ. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: मराठीतल्या नुक्तावाल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि मागे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. ‘डाळिंब उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या’ हे शीर्षक एका लिपिकाने एका पद्धतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाइप केले, तर शोधात अर्धेच प्रबंध येतात. ॲ चेही तेच: एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेले. एकच पद्धत ठरवा आणि आयातीआधी संपूर्ण तक्त्यावर शोधा-बदला चालवा. सगळ्या संगणकांवर एकच कीबोर्ड मांडणी, शक्यतो इनस्क्रिप्ट, बसवा.

## टप्पा ६: नोंदीचा तक्ता

डब्लिन कोअर या नोंदींच्या मानकाचे रकाने घ्या, पण सगळे नकोत. बारा-पंधरा रकाने नीट भरणे हे तीस रकाने अर्धवट भरण्यापेक्षा कधीही चांगले. चुका नेहमी याच जागी होतात:

संशोधक आणि मार्गदर्शक. मार्गदर्शकाला लेखकाच्या रकान्यात टाकू नका. त्याला स्वतंत्र रकाना आहे. नाही तर एका प्राध्यापकाच्या नावावर बावीस प्रबंध ‘लिहिलेले’ दिसतात.

नावे. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव. डॉ., प्रा., सौ. काही नको. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू आडनावे एकाच यादीत येतात आणि त्यांची स्पेलिंगे लवचिक असतात. येमूल आणि यमूल हे एकच घराणे असू शकते. पण बिराजदार आणि बिरादार ही दोन वेगळी आडनावे आहेत, ‘सुधारून’ एक करू नका. नावांची एक मान्य यादी ठेवा आणि जमेल तिथे ओर्सिड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख) जोडा.

तारीख. सादरीकरण, मौखिक परीक्षा आणि पदवीची अधिसूचना अशा तीन तारखा असतात. प्रकाशनाच्या रकान्यात अधिसूचनेची घ्या. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांत. देवनागरी आकडे यंत्राला तारीख म्हणून कळत नाहीत.

शीर्षक. प्रबंधाच्या भाषेत मुख्य शीर्षक, इंग्रजी भाषांतर पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात. एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून दोन्ही कोंबू नका.

विषयशब्द. विडी की बिडी? यंत्रमाग की पॉवरलूम? एक मान्य शब्द ठरवा, दुसरा जोडीला द्या. सोलापूरच्या इंग्रजी नावाची जुनी, ‘श’ ची स्पेलिंगही द्या. जुन्या संदर्भांत तीच सापडते.

तक्ता लिबरऑफिस कॅल्कमध्ये करा. एक्सेलमध्ये सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर फाइल) नुसती दुहेरी टिचकीने उघडली की बऱ्याचदा मराठीची प्रश्नचिन्हे होतात, आणि ‘२०१२-०६’ चे न विचारता ‘जून-१२’ होते. जतन करताना यूटीएफ-८ निवडा. एका रकान्यात अनेक मूल्ये असतील तर डीस्पेसला मधे दोन उभ्या रेघा लागतात, स्वल्पविराम नाही.

तपासणी: तक्ता भरणाऱ्याने स्वतःचा तक्ता तपासू नये. दुसऱ्याने बांधीव प्रत समोर ठेवून दर दहावी नोंद ताडावी.

## टप्पा ७: सर्व्हर

हा भाग अधिकृत पुस्तिकेत नीट दिला आहे. इथे फक्त अडखळण्याच्या जागा.

जुन्या कार्यशाळांच्या टिपणांवरून डीस्पेस ६ बसवू नका. त्याला आधार मिळणे २०२३ मध्येच थांबले, आणि सातव्या मालिकेपासून दर्शनी भाग पूर्ण बदलला. सध्या आधार असलेली आवृत्तीच घ्या. चार कोअर आणि १६ जीबी रॅम ही सोयीची सुरुवात.

एचटीटीपीएस पहिल्या दिवसापासून हवे. त्याशिवाय नव्या आवृत्त्यांत बाहेरच्या संगणकावरून लॉगिनच होत नाही. संरचनेच्या फाइलीत ‘लोकलहोस्ट’ किंवा नुसता आयपी पत्ता राहू देऊ नका, नाही तर ईमेलमधल्या आणि साइटमॅपमधल्या (शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीतल्या) सगळ्या दुव्यांत तोच जातो.

हँडल म्हणजे प्रत्येक नोंदीचा कायमचा दुवा. त्याचा उपसर्ग १२३४५६७८९ हा केवळ नमुना आहे. तोच ठेवून चालवलेली भांडारे ढिगाने आहेत. त्यांचे ‘कायमचे’ दुवे प्रत्यक्षात कुठेच जात नाहीत. स्वतःचा उपसर्ग नोंदवा आणि फायरवॉलवर २६४१ आणि ८००० हे पोर्ट उघडायला सांगा. पहिली नोंद चढण्याआधी.

आणखी एक, सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट. पूर्ण मजकुराच्या शोधासाठी डीस्पेस फाइलीतून मजकूर काढते, पण नव्या आवृत्त्यांत मूळ मर्यादा एक लाख अक्षरांची असते. तीनशे पानांच्या प्रबंधात पाच लाखांच्या आसपास अक्षरे भरतात. म्हणजे पहिली दोन प्रकरणे शोधात येतात आणि निष्कर्ष कधीच येत नाहीत. मर्यादा वाढवा आणि मजकूर काढण्याचे काम रोज रात्री आपोआप चालेल असे लावा.

सावधान: यूपीएसवर सर्व्हर असतो, एसी नसतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली की सर्व्हर चालू राहतो आणि बंद खोली तापत जाते. ठरावीक वेळेनंतर सर्व्हर नीट बंद होईल अशी जोडणी यूपीएसशी करा.

## टप्पा ८: आधी पंचवीस, मग बाकीचे

मुद्दाम अवघड पंचवीस प्रबंध निवडा: जुन्या फॉन्टचा एक, कन्नड उताऱ्यांचा एक, उर्दूचा एक, मोठ्या नकाशांचा एक, बंधनकाळ असलेला, म्हणजे खुले करण्याची तारीख अजून न आलेला, एक. पंधरा दिवस ते बाहेरच्या माणसांना वापरायला द्या. बंधनकाळाची फाइल लॉगिन न करता खरेच उघडत नाही ना, हे मोबाइलवरून पाहा.

शोधगंगेला शीर्षकपान, प्रकरणे, परिशिष्टे अशा वेगवेगळ्या फाइली लागतात. तुमच्या भांडारातही प्रकरणवार फाइली ठेवल्या तर एक फायदा आहे: गूगल स्कॉलर ५ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. साठ एमबीची एकसंध स्कॅन केलेली पीडीएफ तिथे दिसत नाही म्हणून वर्षभर साइटमॅप तपासत बसू नका.

चाचणीतल्या चुका सुधारल्यावर पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी आयात करा. प्रत्येक गठ्ठ्याआधी बॅकअप.

## टप्पा ९: बॅकअप आणि महिन्याचा ताळा

फाइलींचे फोल्डर रोज कॉपी केले म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज फार महागात पडतो. डीस्पेस फाइलींना लांबलचक आकड्यांची नावे देते, विस्तारही ठेवत नाही. कोणती फाइल कोणाची हे फक्त डेटाबेसला ठाऊक असते. म्हणून डेटाबेस, फाइलींचा साठा आणि संरचनेच्या फाइली, तिन्ही एकाच वेळचे हवेत. वापराची आकडेवारी सोलर या शोधयंत्रणेत वेगळी राहते. शोधाची अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते, ही आकडेवारी येत नाही. तीही निर्यात करा. एक प्रत इमारतीबाहेर ठेवा.

तपासणी: दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधून भांडार उभे करून कोणतेही पाच प्रबंध उघडा. चेकसमची (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याची) पडताळणी दर महिन्याला चालू द्या. बिघडलेली फाइल लवकर कळली तरच चांगली प्रत हाताशी असते.

परीक्षा विभागाकडून दर महिन्याला पीएचडी अधिसूचनांची यादी मागवा आणि भांडारातल्या नोंदींशी ताळा घ्या. फरक आला तर त्याच आठवड्यात संशोधकाला फोन करा. प्रमाणपत्र हातात पडल्यावर तो फोन उचलेलच असे नाही.